मेटाबॉलिक सिंड्रोम : रक्तवाहिन्यांसाठी व्यायाम आणि आहाराची सुरुवात कशी करावी

आरोग्य तपासणीचा अहवाल हातात आला की बहुतेकांची नजर ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते, आणि एकही आकडा फार पुढे गेलेला नसेल तर अहवाल बाजूला ठेवला जातो. उपाशीपोटीची साखर १०८, रक्तदाब १३४ वर ८६, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) १७०, कंबर थोडी सुटलेली. सुटी सुटी पाहिली तर यांपैकी कोणतीच गोष्ट घाबरवणारी नाही. हे थोडेथोडे बिघाड एकाच शरीरात एकत्र आले, तर मात्र हृदयविकाराचा आणि टाइप २ मधुमेहाचा धोका स्पष्टपणे वाढतो, आणि या एकत्र येण्यालाच मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. असा अहवाल पाहून पहिल्यांदाच व्यायाम आणि आहाराकडे वळणाऱ्यांसाठी हा लेख लिहिला आहे. माझे सांगणे असे की, सगळी आखणी वजनकाट्याभोवती न करता रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराभोवती करावी, कारण त्या अस्तरात होणारी सुधारणा वजन फारसे उतरण्याआधीच सुरू होऊ शकते आणि व्यायामात मोठा खंड पडला की काही आठवड्यांतच ती ओसरू लागते.

अमेरिकी वैद्यक जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मधील आपल्या बँटिंग व्याख्यानात (मधुमेह क्षेत्रातील मानाचे व्याख्यान) इन्सुलिन-प्रतिरोधाभोवती, म्हणजे पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत त्या अवस्थेभोवती, जमणाऱ्या या बिघाडांना ‘सिंड्रोम एक्स’ असे नाव दिले. त्यानंतर निरनिराळ्या संस्थांनी निरनिराळ्या व्याख्या केल्या, आणि २००९ मध्ये प्रमुख आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून एक सामाईक व्याख्या मांडली. तिच्यानुसार पुढील पाचांपैकी कोणतेही तीन निकष लागू झाले की निदान होते : कंबरेचा घेर आपल्या वंशगटासाठी ठरवलेल्या मर्यादेइतका किंवा तिच्याहून जास्त; ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त; एचडीएल (‘चांगले’) कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० पेक्षा आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी; रक्तदाबाचा वरचा आकडा १३० किंवा खालचा ८५ अथवा त्याहून जास्त; आणि उपाशीपोटीची साखर १०० किंवा जास्त. दक्षिण आशियाई वंशाच्या पुरुषांसाठी घेराची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर धरली जाते. यांपैकी एखाद्या गोष्टीसाठी औषध चालू असल्यामुळे आकडा योग्य दिसत असेल, तरीही तो निकष लागू झाला असेच मानतात. ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही.

आधी रक्तवाहिनीत काय घडते ते पाहू

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एका पेशीइतक्या जाडीचे अस्तर असते. त्याला एन्डोथेलियम म्हणतात. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते, आणि त्या वायूमुळे वाहिनीच्या भिंतीतील स्नायू सैल पडतात, वाहिनी रुंदावते, रक्तातील चपट्या पेशी (प्लेटलेट) एकमेकींना चिकटत नाहीत आणि भिंतीत दाह वाढत नाही. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की, अस्तर खरवडून काढलेली धमनी ॲसिटिलकोलीन या रसायनाला प्रतिसाद म्हणून सैल होत नाही. म्हणजे सैल होण्याचा हुकूम अस्तराकडूनच येत होता. तो हुकूम नायट्रिक ऑक्साइडच्या रूपाने येतो हे पुढे उलगडले, आणि १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना या विषयातील कामासाठी मिळाले.

मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये हीच व्यवस्था कोलमडू लागते. इन्सुलिन साखर पेशींत पोहोचवते हे सर्वांना ठाऊक असते, पण ते अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवण्याचाही संकेत देत असते. इन्सुलिन-प्रतिरोध निर्माण झाला की हा संकेत क्षीण होतो. त्याच वेळी वाहिनी आकुंचित करणारा आणि भिंतीतील पेशींची वाढ घडवणारा इन्सुलिनचा दुसरा मार्ग चालूच राहतो, आणि प्रतिरोधावर मात करण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडत असल्याने त्या मार्गाला उलट जोरच मिळतो. पोटातील अवयवांभोवतीची चरबी यकृताकडे मेदाम्ले सोडत राहते. यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइडयुक्त कण बनवून रक्तात पाठवते, आणि त्या ओघात एचडीएल घटते व एलडीएलचे (‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे) कण लहान आणि दाट होतात. वाढलेला रक्तदाब धमन्यांच्या भिंती ताठर करतो, ताठर भिंती वरचा आकडा आणखी चढवतात. अहवालातील पाच आकडे असे एकाच जाळ्यात गुंतलेले असतात, म्हणूनच योग्य जागी हात घातला तर ते एकत्र सुधारूही शकतात. अस्तराचे कार्य बऱ्याच अंशी परत मिळवता येते. भिंतीत कॅल्शियम साचून आलेला ताठरपणा मात्र सहजासहजी मागे फिरत नाही, त्यामुळे लवकर सुरुवात करण्याला मोल आहे.

पहिली पायरी : मोजमाप नीट करणे

कंबरेचा घेर बेंबीवर किंवा पँटच्या मापावरून धरू नये. उभे राहून, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर, श्वास सहज सोडून झाल्यावर, फीत त्वचेला टेकेल पण रुतणार नाही अशी धरून माप घ्यावे. रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा, पाच मिनिटे पाठ टेकवून शांत बसावे, पाय जमिनीवर ठेवावेत, हाताला हृदयाच्या पातळीवर आधार द्यावा आणि मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहावी. रक्ताच्या तपासण्यांत उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइडची तपासणी) एवढे पुरते. मूत्रपिंडाचे कार्य पाहणारी क्रिएटिनिनची तपासणी सोबत करून घ्यावी, कारण पुढे आहारातील काही निर्णय तिच्यावर अवलंबून असतात. हे सर्व तारखेसह एका वहीत लिहून ठेवावे.

दुसरी पायरी : कोणी आधी डॉक्टरांना भेटावे

चालण्यासारखा मध्यम व्यायाम बहुतेकांसाठी सुरक्षित असतो. परंतु श्रम केल्यावर छातीत दाब किंवा दुखणे, थोड्याशा कामाने धाप लागणे, चक्कर किंवा भोवळ, चालताना पोटरीत येणारी आणि थांबल्यावर जाणारी कळ, यांपैकी काहीही असेल तर तपासणीआधी व्यायाम वाढवू नये. रक्तदाब १८० वर ११० च्या आसपास किंवा त्याहून वर असेल तर तो आधी खाली आणावा लागतो. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर एकदम उतरू शकते; त्यांनी मात्रेविषयी आधी बोलून घ्यावे आणि जवळ साखर किंवा गोड रस बाळगावा. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेल्यांनी जड वजने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचलू नयेत. पायांची संवेदना कमी असलेल्यांनी योग्य बूट घालावेत आणि रोज तळवे पाहावेत.

तिसरी पायरी : चालणे, आणि दोन दिवसांचा खंड पडू न देणे

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायामाची आहे. नवख्या व्यक्तीने १५० हा आकडा पहिल्याच आठवड्यात गाठण्याची धडपड करू नये. रोज दहा मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला रोजच्या चालण्यात सुमारे पाच मिनिटे वाढवली, तर पाचव्या आठवड्यात अर्ध्या तासाचे चालणे सहज जमते. चाल किती असावी हे ओळखण्यासाठी यंत्राची गरज नाही : चालताना बोलता येते पण गाता येत नाही, ती मध्यम चाल. बीटा-ब्लॉकर गटाची औषधे घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नसल्याने त्यांच्यासाठी नाडी मोजण्यापेक्षा ही कसोटीच अधिक भरवशाची आहे.

चालताना शरीरात दोन गोष्टी घडतात. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा त्यांच्या पेशींतील ग्लुकोज आत घेणारी प्रथिने इन्सुलिनची वाट न पाहता पृष्ठभागावर येतात, त्यामुळे इन्सुलिन-प्रतिरोध असतानाही साखर स्नायूंत शिरते. दुसरीकडे रक्ताचा वाढलेला प्रवाह वाहिनीच्या अस्तरावर घासत जातो, आणि त्या घर्षणाच्या ताणाने अस्तरातील नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर (एन्झाइम) सक्रिय होते. सांगण्यासारखी बाब ही की, एका वेळच्या व्यायामाने वाढलेली इन्सुलिन-संवेदनशीलता साधारण एक ते दोन दिवस, फार तर तीन दिवस टिकते. आठवड्याच्या शेवटी एकदाच तीन तास चालणाऱ्याच्या तुलनेत रोज पंचवीस मिनिटे चालणाऱ्याला हा लाभ सलग मिळतो तो यामुळेच. म्हणून मिनिटांच्या हिशेबाहून मी एका नियमाला अधिक महत्त्व देतो : सलग दोन दिवस व्यायामाविना जाऊ द्यायचे नाहीत. एक दिवस चुकला तर चुकू द्यावा, दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे का होईना, चालावे.

चालण्याची वेळ निवडता येत असेल तर जेवणानंतरची निवडावी. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालल्याने साखरेची चढण बोथट होते, आणि रक्तवाहिन्यांना त्रास देणाऱ्या गोष्टींत ही चढणही मोडते. दिवसभर खुर्चीत बसून काम असणाऱ्यांनी आणखी एक सवय लावून घ्यावी. सलग तीन तास बसल्याने पायांतील धमन्यांची रुंदावण्याची क्षमता घटल्याचे प्रयोगांत दिसले आहे, आणि दर तासाला पाच मिनिटे चालल्यास ही घट टळते असेही दिसले आहे. सकाळचा व्यायाम झाला म्हणून उरलेला दिवस बसून काढण्याची मुभा मिळत नाही.

चौथी पायरी : स्नायूंना काम देणे

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, मोठ्या स्नायूगटांचे व्यायाम करावेत. जेवणानंतरची बहुतांश साखर सामावून घेण्याचे काम इन्सुलिनच्या सांगण्यावरून स्नायूच करतात, त्यामुळे स्नायूंचे वस्तुमान टिकवणे म्हणजे साखरेसाठी साठवणुकीची जागा टिकवणे होय. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीवर हात टेकवून जोर, टाचा उचलणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे आणि पाठीसाठी ओढण्याचा एखादा व्यायाम, प्रत्येकी दहा-बारा वेळा, एक-दोन फेऱ्या, एवढे सुरुवातीला पुरेसे आहे. जोर लावताना श्वास सोडावा आणि सैल करताना घ्यावा. श्वास कोंडून जोर लावल्यास रक्तदाब क्षणभर फार वर जातो, आणि हे ज्यांचा दाब आधीच वाढलेला आहे त्यांनी कटाक्षाने टाळावे.

झटपट परिणामासाठी अतितीव्र टप्प्यांचा व्यायाम करावा का, असे अनेक जण विचारतात. नॉर्वेतील ट्रोंडहाइम येथील संशोधकांनी २००८ मध्ये मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या ३२ जणांचा १६ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमाल नाडीगतीच्या सुमारे ९० टक्क्यांवर चार मिनिटांचे चार टप्पे करणाऱ्यांच्या अस्तराचे कार्य संथ सलग व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले, वजनातील घट मात्र दोन्ही गटांत सारखीच होती. अभ्यास लहान होता आणि देखरेखीखाली झाला होता. माझ्या मते नवख्याने पहिले तीन महिने या वाटेला जाऊ नये. चालणे पक्के झाल्यावर आणि डॉक्टरांची संमती मिळाल्यावर आठवड्यातून एखादा दिवस चढणीची वाट निवडून हळूहळू याची ओळख करून घ्यावी.

पाचवी पायरी : ताटात क्रमाने बदल

आहारात एकाच दिवशी सगळे बदलण्याचा प्रयत्न फसतो, म्हणून क्रम लावणे बरे. सर्वांत आधी साखर घातलेली पेये बंद करावीत, त्यात डबाबंद फळांचे रसही आले. जादा फ्रुक्टोज यकृतात चरबीत रूपांतरित होते आणि ट्रायग्लिसराइड वाढवते. मद्यही ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब दोन्ही वाढवते, आणि ज्यांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले आहे त्यांनी ते पूर्ण थांबवणे सर्वांत सोपे. या एका पायरीने काही जणांचा लिपिडचा अहवाल लक्षणीय सुधारतो.

त्यानंतर धान्यांकडे वळावे. मैद्यासारखी कोंडा काढलेली, बारीक दळलेली धान्ये कमी करून अख्खी धान्ये, डाळी आणि कडधान्ये वाढवावीत. त्यांतील विद्राव्य तंतू पचनमार्गात पित्ताम्लांना बांधून ठेवतात, म्हणून एलडीएल उतरते आणि साखरही सावकाश शोषली जाते. प्रमाणाचा सोपा मार्ग असा की अर्धे ताट भाज्यांचे, पाव भाग प्रथिनांचा आणि पाव भाग धान्याचा ठेवावा. पालेभाज्या आणि बीट यांत नायट्रेट भरपूर असते. तोंडातील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि शरीर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनवते. अस्तर दुर्बळ झालेले असताना हा दुसरा पुरवठा उपयोगी पडतो. जंतुनाशक द्रवाने वारंवार चूळ भरल्यास हे जिवाणू मरतात व मार्ग तुटतो, ही बाब फारशी माहीत नसते म्हणून इथे नोंदवतो. रक्त गोठू न देणारे वॉरफरिन हे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी बदलू नये.

स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत प्रमाणाइतकेच प्रकाराला महत्त्व आहे. अंशतः हायड्रोजनीकृत तेलांतील ट्रान्स मेद एलडीएल वाढवतो आणि एचडीएल घटवतो, त्याला आहारात जागा असू नये. लोणी, चरबीयुक्त मांस, खोबरेल यांतील संपृक्त मेदाच्या जागी असंपृक्त मेदाची तेले, मूठभर सुकामेवा आणि मासे आणावेत. स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या एकाच जेवणानंतर निरोगी लोकांच्याही धमन्यांची रुंदावण्याची क्षमता काही तास घटल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते, त्यामुळे ‘आठवड्यातून एकदा काय होते’ या प्रश्नाचे उत्तर रक्तवाहिनीपुरते तरी ‘काही तास होते’ असेच आहे. चिडून खाणे सोडू नये, पण अशा जेवणानंतर चालायला मात्र जावे.

मिठासाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, म्हणजे एका सपाट चमच्याहूनही कमी, आणि त्यात पाकीटबंद पदार्थांतील मीठही धरायचे असते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील डॅश आहाराच्या अभ्यासात फळे, भाज्या, कमी स्निग्धांशाचे दुग्धजन्य पदार्थ आणि कमी संपृक्त मेद असा आहार घेणाऱ्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत वरचा आकडा सरासरी ११ अंकांनी उतरला, आणि तोही मीठ किंवा वजन कमी न करता. पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठ वापरण्याआधी मूत्रपिंडाचा अहवाल आणि चालू औषधे डॉक्टरांना दाखवावीत, कारण काहींच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

संपूर्ण आहारपद्धतीचा परिणाम पाहायचा तर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला इटलीतील अभ्यास घ्यावा. मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या १८० जणांपैकी निम्म्यांना अख्खी धान्ये, फळे, भाज्या, सुकामेवा आणि ऑलिव्ह तेल यांवर आधारित भूमध्यसागरी आहार समजावून दिला गेला. दोन वर्षांनंतर त्या गटातील ४० जणांत सिंड्रोम उरला होता, तर तुलनेच्या गटातील ७८ जणांत. अस्तराचे कार्यही पहिल्या गटात सुधारले होते. या आहारातील विशिष्ट पदार्थच हवेत असे नाही. अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे, सुकामेवा आणि असंपृक्त तेल ही घडण कोणत्याही स्वयंपाकघरात बसवता येते.

सहावी पायरी : वजनाबद्दल वास्तव उद्दिष्ट

अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३,२३४ जण होते. सात टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम, असे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध घेणाऱ्या गटात ही घट ३१ टक्के होती. सुरुवातीला मेटाबॉलिक सिंड्रोम नसलेल्यांमध्ये तो नव्याने उद्भवण्याचे प्रमाण जीवनशैलीच्या गटात ४१ टक्क्यांनी कमी राहिले. ऐंशी किलोच्या व्यक्तीसाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. ‘आदर्श वजन’ गाठण्याची गरज कुणालाच पडली नव्हती.

व्यायामाने पोटातील चरबी वजन न उतरताही कमी होऊ शकते, कारण त्याच वेळी स्नायू राखले जातात. म्हणून काटा जागचा हलला नाही तरी कंबर दोन-तीन सेंटिमीटरने घटली असेल, तर योजना चालू ठेवावी. केवळ व्यायामाने मात्र मोठे वजन सहसा उतरत नाही, त्यासाठी ताटच बदलावे लागते. आणि केवळ उपासमारीने उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात. आहार यकृताकडील मेदाचा ओघ आणि मीठ-साखरेचा भार कमी करतो, तर व्यायाम अस्तराला आणि स्नायूला थेट काम देतो. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

धूम्रपान आणि कोणत्याही रूपातील तंबाखू थांबवल्याशिवाय अस्तराला उसंत मिळत नाही. झोपेत जोरात घोरणे आणि दिवसा पेंग येणे असेल तर निद्रा-श्वसनरोधाची (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या विकाराची) तपासणी करून घ्यावी, तो रक्तदाब चढवून ठेवतो.

सातवी पायरी : तीन महिन्यांनी फेरतपासणी

रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड सहसा आधी हलतात, काही आठवड्यांत. एचबीए१सी मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगत असल्याने ती तीन महिन्यांआधी पुन्हा तपासण्यात अर्थ नाही. एचडीएल सर्वांत हळू आणि थोडेच वाढते. ते हलले नाही म्हणून निराश होऊन चालणे सोडू नये. तीन ते सहा महिन्यांच्या प्रामाणिक प्रयत्नांनंतरही रक्तदाब, एलडीएल किंवा साखर मर्यादेबाहेर असेल तर औषध घ्यावे. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असलेल्या व्यक्तीला ते अनेकदा लागते, आणि औषध सुरू झाले म्हणजे व्यायाम वाया गेला असे मुळीच नाही. उलट ज्यांची औषधे आधीपासून चालू आहेत त्यांना आकडे सुधारल्यावर मात्रा कमी करावी लागू शकते. उठताना चक्कर येणे किंवा रक्तदाबाचा वरचा आकडा वारंवार ११० च्या खाली दिसणे ही त्याची खूण असू शकते. अशा वेळी गोळी स्वतःहून न सोडता नोंदवही घेऊन डॉक्टरांकडे जावे. आजारपणामुळे दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला असेल, तर आधीच्या निम्म्या वेळेपासून पुन्हा सुरू करावे आणि ताप पूर्ण उतरून दोन दिवस झाल्याशिवाय वेग वाढवू नये.